वीत

म्हापशाच्या बाजारात, चोरीसच्या माळा टांगलेल्या दुकानावर,
एका खोलीत मी अर्ज टाइप करतो.
पानाला चाळीस रुपये. पाणी फुकट.

यमनूरप्पा आला तेव्हा उजवा हात
टॉवेलात होता, शर्टाच्या आत,
कुणी उचललेलं कोंबडीचं पिल्लू लपवावं तसा.
बसला नाही. आधी माझं टेबल मोजलं,
डाव्या हाताने, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत:
साडेसहा वीत.
"डावी वीत खोटी," म्हणाला, "अर्धा इंच आखूड.
उजवी नऊ होती, बरोब्बर.
टेप विसरलो तरी मिस्त्री ओरडायचा नाही."

आसगावात व्हिला चालू होता, डोंगर कापून.
कटर म्हणजे काय, तर प्लायचं टेबल,
खालून बांधलेली मोटर, वर दातांची चकती.
बटण नव्हतं. वायरी थेट सॉकेटात,
काडेपेटीच्या काड्या खुपसून घट्ट केलेल्या.
पात्यावरचं झाकण त्याने पाहिलंच नव्हतं;
ते शिवोलीच्या गोदामात, प्लास्टिकच्या पिशवीत, नवंकोरं.
स्लॅबखालून काढलेली जुनी फळी.
फळीत खिळा.
पुढचं तो सांगत नाही. म्हणतो, आवाज बदलला.

भुशात करंगळी शोधली शांतव्वाने, त्याच्या बायकोने.
रस्त्यावरच्या पिएदादने पेटीतले बांगडे बाजूला सारून
ओंजळभर बर्फ दिला: "पयशे नाका, तूं वच."
बांबोळीला डॉक्टर म्हणाले, बोट आधी पिशवीत हवं होतं,
बर्फ थेट लागला की मांस मरतं.
हे पिएदादला कळू देऊ नका,
असं त्याने मला दोनदा सांगितलं.

कायद्यात एक यादी आहे.
करंगळी, मुळापासून: सात टक्के.
अनामिकेचं टोक, हाड शाबूत: दोन.
सात नि दोन नऊ. बेरीज केली आणि गप्प बसलो,
कारण हा आकडा मघाशीच टेबलावर येऊन गेला होता.
यादी करणाऱ्याने वितीने कधी काही मोजलं नसणार.
वीत करंगळीपाशी संपते.
करंगळी नसली की ती संपतच नाही,
हवेत उघडी राहते, दार लावायचं राहिल्यासारखी.

ठेकेदाराचा कागद त्याने खिशातून काढला, चार घड्या:
"दहा हजार मिळाले. तक्रार नाही.
झाकण मी स्वतः काढलं होतं."
मस्टरवर त्याचं नाव नाही. "लेबर – ४" असं आहे.
चारांतला तो कितवा, तेही नाही.
मी विचारलं, सही केलीस?
"कुठल्या हाताने?" म्हणाला, आणि हसला.
मला हसता आलं नाही, मी रिबन नीट करत बसलो.

मग लिहिलं.
सामनेवाला एक, ठेकेदार.
सामनेवाला दोन, बिल्डर, ज्याचं ऑफिस पणजीत, काचेचं,
आणि ज्याला वाटतं आपला यात काय संबंध.
संबंध आहे. कलम घातलं.
बरं होईपर्यंतचे पैसे वेगळे मागितले, औषधांचे वेगळे.
मुदत दोन वर्षांची; पाच महिने
गावाकडे, गदगजवळ, हात उशाशी घेऊन झोपण्यात गेले.

शेवटी "इतर माहिती" म्हणून रकाना असतो.
बहुतेकांचा रिकामाच जातो. तिथे टाइप केलं:
कामगाराची उजवी वीत पूर्वी नऊ इंच.
आता मोजता येत नाही.

पाटोवरच्या कचेरीत कारकुनाने ती ओळ
लाल पेनाने खोडली. हे कशाला? नवी प्रत आणा.
नवी प्रत नेली.
ओळ तिथेच आहे.

पुढची तारीख गुरुवारची.
शांतव्वाचा त्या दिवसाचा रोज बुडेल.